जमीन मुबलक असूनही युरोपातील शेतकरी अमेरिकेच्या शहरांतच का थांबले?

प्रश्न:
एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील अमेरिकेविषयी वाचताना एक गोष्ट मला उलगडत नाही. १८६२ च्या होमस्टेड कायद्यानुसार १६० एकर जमीन जवळजवळ विनामूल्य मिळत असे, आणि नागरिकत्व घेण्याचा इरादा जाहीर केलेल्या परदेशी माणसालाही तिच्यावर हक्क सांगता येत असे. दक्षिण इटलीतून किंवा पोलिश आणि स्लोव्हाक प्रदेशांतून आलेल्यांपैकी पुष्कळ जण तर पिढीजात शेतकरी होते. मग ते न्यूयॉर्क, शिकागो आणि पिट्सबर्ग येथील कोंदट खोल्यांत का राहिले? त्यांना शेती नकोशी झाली होती काय?

प्रतिसाद १:
‘विनामूल्य’ हा शब्द येथे फसवा आहे. नोंदणीचे शुल्क किरकोळ असले, तरी बैल, नांगर, बियाणे, विहीर आणि पहिले पीक हाती येईपर्यंतचे धान्य यांचा खर्च ज्याचा त्यालाच करावा लागे. शिवाय मालकी मिळण्यासाठी पाच वर्षे तेथेच राहून जमीन कसावी लागे. आधीच्या दशकांत थोडेफार भांडवल घेऊन आलेली जर्मन आणि नॉर्वेजियन कुटुंबे विस्कॉन्सिन व मिनेसोटा येथे शेतीवर स्थिरावली होती. १८८० नंतर आलेल्यांना मात्र उरलेली जमीन बहुतांशी कमी पावसाच्या मैदानांतच मिळण्यासारखी होती. आणखी एक कारण मला फार महत्त्वाचे वाटते. रेल्वे आणि आगबोटींमुळे अमेरिकेचा स्वस्त गहू युरोपात पोहोचू लागला आणि तेथील धान्याचे भाव कोसळले. ज्या गवताळ प्रदेशांच्या पिकाने लहान शेतकऱ्याला गावातून उठवले, तेथेच जाऊन शेती करण्याइतका पैसा त्याच्या गाठीशी उरला नव्हता.

प्रतिसाद २:
वरील मुद्दे मला मान्य आहेत, परंतु त्यांत एक गृहीतक दडलेले आहे, ते म्हणजे येणारा प्रत्येक जण कायमचा राहण्यासाठीच येत होता. इटालियन आणि स्लोव्हाक तरुणांपैकी पुष्कळ जण एकटेच येत, काही वर्षे राबून पैसा साठवत आणि आपल्याच गावी जमीन घेण्यासाठी परत जात. आगबोटीने अटलांटिकचा प्रवास एक-दोन आठवड्यांवर आणल्यामुळे हे शक्य झाले होते. अशा माणसाला पाच वर्षे बांधून ठेवणारी जमीन निरुपयोगी होती. पिट्सबर्गच्या पोलाद कारखान्यातील बारा तासांची पाळी कितीही जीवघेणी असली, तरी तिचा मोबदला रोख मिळत असे. त्यांना शेती नकोशी झाली नव्हती, तर शेतीसाठीच ते शहरात राबत होते.

दुसरे असे की, न्यूयॉर्क बंदरातील एलिस बेटावर १८९२ मध्ये सुरू झालेल्या स्थलांतरितांच्या तपासणी केंद्रात उतरणाऱ्या कित्येकांचे तिकीट आधी आलेल्या भावाने किंवा काकाने पाठवलेले असे, आणि जेथून तिकीट येई तोच पत्ता मुक्कामाचा ठरे. रशियन साम्राज्यातून आलेल्या ज्यूंची गोष्ट मात्र वेगळी होती. ते कुटुंबासह आणि परत न जाण्याच्या निश्चयाने येत. तिकडे जमीनधारणेवर कडक निर्बंध असल्याने त्यांच्यापैकी अनेकांच्या हाती शिवणकामासारखे कसब होते, आणि न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइड या वस्तीत कपड्यांचा धंदा भरभराटीस आला होता.

प्रतिसाद ३:
शहर हे राहण्याचे ठिकाण होते तसेच ते स्वतःच एक अवाढव्य बांधकाम होते, हे येथे सुटते आहे. शिकागोची लोकसंख्या १८७० मध्ये सुमारे ३ लाख होती, ती १८९० मध्ये ११ लाखांच्या घरात गेली. त्यांत अमेरिकेच्याच खेड्यांतून आलेले तरुणही होते. एवढ्या लोकांसाठी रस्ते, गटारे, ट्राममार्ग आणि घरे उभारण्याचे काम कोणीतरी करायलाच हवे होते. १९०४ मध्ये सुरू झालेली न्यूयॉर्कची भुयारी रेल्वे खोदणाऱ्यांत इटालियन मजूर मोठ्या संख्येने होते.

शहरे मात्र आपल्या सोयींच्या पुढे धावत होती. शिकागोचे सांडपाणी नदीवाटे पिण्याच्या पाण्याच्याच सरोवरात जाई. अखेर १९०० मध्ये कालवा काढून नदीचा प्रवाह उलटा फिरवावा लागला. न्यूयॉर्कमध्ये २५ फूट रुंद आणि १०० फूट लांब अशा भूखंडांवर दाटीवाटीने चाळवजा इमारती उभ्या राहिल्या. प्रत्येक खोलीला खिडकी हवी, असे १८७९ च्या कायद्याने ठरवले, तेव्हा मालकांनी दोन इमारतींमध्ये हवेसाठी अरुंद उभी पोकळी सोडली. तिच्यातून उजेड फारसा आला नाही. उलट तेथे कचरा साचला आणि आग लागली की ती पोकळी धुराड्यासारखी ज्वाळा वर नेऊ लागली. १९०१ मध्ये नवा कायदा करून हा नमुना बंद करावा लागला. त्या खोल्यांत वाढलेल्या मुलांचा विचार केला की, ही बावीस वर्षे मला फार मोठी वाटतात.

प्रश्नकर्ता:
सर्वांचे आभार. परत जाणाऱ्यांचा मुद्दा माझ्या ध्यानातच आला नव्हता. ही ये-जा पुढे कशामुळे थांबली?

प्रतिसाद २:
१९१४ च्या महायुद्धाने समुद्रमार्ग धोक्याचे केले, आणि १९२१ व १९२४ च्या कायद्यांनी प्रत्येक देशासाठी संख्येची मर्यादा घातली. १९२४ च्या कायद्याने तर ही मर्यादा १८९० च्या जनगणनेवर बेतली, म्हणजे दक्षिण आणि पूर्व युरोपातील लोक अमेरिकेत थोडेच होते त्या काळावर. गावी जाऊन काही वर्षांनी पुन्हा कामावर यायचे, हा जुना क्रम आता भरवशाचा राहिला नाही. त्यामुळे साठवलेल्या पैशातून गावी शेत घेण्याचा बेत अनेकांनी सोडला आणि ते अमेरिकेतच घर करून राहिले.