लेथला व्हीएफडी: आधी मोटरचं झाकण उघडा
सिंगल फेजवरचा व्हीएफडी (मोटरचा वेग कमी-जास्त करणारा इलेक्ट्रॉनिक ड्राइव्ह) घेऊन लेथची १ एचपी थ्री फेज मोटर चालवायची, हा तुमचा बेत चांगलाच आहे. पण ड्राइव्ह मागवण्याआधी मोटरच्या टर्मिनल बॉक्सचं झाकण काढून बघा. हा ड्राइव्ह २३० व्होल्टच देतो. मोटर ४१५ व्होल्टसाठी स्टारमध्ये जोडलेली असेल तर टर्मिनलवरच्या पट्ट्या बदलून डेल्टा करावी लागेल (स्टार आणि डेल्टा म्हणजे वाइंडिंग जोडायच्या दोन पद्धती). वाइंडिंगची सहा टोकं बाहेर असली तर पाच मिनिटांचं काम, तीनच असली तर वाइंडिंगवाला गाठा.

जुना फॉरवर्ड-रिव्हर्स स्विच ड्राइव्ह आणि मोटरच्या मध्ये नको, ड्राइव्हच्या कंट्रोल टर्मिनलला जोडा. वेग बदलायच्या पुल्याही राहू द्या; पुलीने वेग कमी केला की टॉर्क (फिरवण्याचा जोर) वाढतो, ड्राइव्हने १५ हर्ट्झला आणून तो काही वाढत नाही. आणि चक (जॉब पकडणारा भाग) आट्यांवर बसणारा असेल तर ड्राइव्हमध्ये थांबण्याचा वेळ जास्त ठेवा, झटक्यात थांबलं की तो आट्यांवरून सुटतो. माझा एकदा सुटून बेडवर आदळला, खाच अजून दिसते.