रिपोर्ट नॉर्मल, तरी धडधड का?

ईसीजी, टूडी एको या हृदयाच्या तपासण्या नॉर्मल आहेत, मनावरचा ताणही बराच ओसरलाय, तरी छातीत धडधड होते आणि बोटांना मुंग्या येतात, असं तुम्ही विचारलंय. यात श्वासाचा मुद्दा बऱ्याचदा राहून जातो.

घाबरलेला माणूस नकळत भराभर श्वास घेतो. त्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि त्यातूनच बोटांना, ओठांभोवती मुंग्या येतात, डोकं हलकं होतं, छाती आवळल्यासारखी वाटते. गंमत म्हणजे ऑक्सिजन तेव्हा पुरेसा असतो. तरी श्वास पुरत नाही असं वाटून आपण आणखी जोरात ओढतो. म्हणून नुसता 'खोल श्वास घ्या' हा सल्ला मला अर्धवट वाटतो. नाकाने सावकाश घ्यायचा आणि घेतल्यापेक्षा लांबवून सोडायचा. तोही रोज, बरं वाटत असताना. ऐन धडधडीत पहिल्यांदा करायला गेलं की जमत नाही.

आणि हातात नाडी मोजणारं घड्याळ असेल तर ते काही दिवस कपाटात ठेवा, खरंच! आकडा पाहिला की भीती, भीतीने आकडा आणखी वर.

थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी१२ तपासलं नसेल तर डॉक्टरांना विचारा. चहा-कॉफी कमी करा, पण चालणं सोडू नका. चालत राहिलं की दम लागून होणाऱ्या धडधडीची भीती हळूहळू जाते. मात्र श्रम करताना छातीत दुखलं किंवा शुद्ध हरपली तर 'टेन्शनच असेल' म्हणून घरी थांबू नका.

कुणाशी बोलावंसं वाटलं तर सरकारची टेली-मानस ही मानसिक आरोग्यासाठीची फोनसेवा आहे, नंबर १४४१६. फुकट आहे, मराठीतही बोलतात.