फोंड्याचं घर, भावाचा वाटा आणि एसएसआय

नमस्कार मंडळी,
आई पुढच्या महिन्यात फोंड्याला मृत्युपत्र करणार आहे. वडील नाहीत, आम्ही दोघंच भावंडं. धाकटा भाऊ न्यू जर्सीत, एसएसआय (अपंग किंवा वृद्ध गरजूंना अमेरिकन सरकारकडून दरमहा मिळणारी मदत) आणि मेडिकेडवर (गरजूंसाठीचा सरकारी आरोग्यविमा). त्याने हक्क सोडावा आणि घर माझ्या नावे व्हावं, असं नातेवाईक सुचवतात. चालेल का?
मेधा

मेधाताई,
हक्कसोड अजिबात करू देऊ नका, हे कळकळीने सांगतो. आलेला वारसा सोडला की मालमत्ता फुकट देऊन टाकली असं धरतात आणि एसएसआय 36 महिन्यांपर्यंत बंद होऊ शकतं.

आईलाही त्याला वगळता येणार नाही. गोव्याच्या कायद्यात निम्मी मालमत्ता मुलांसाठी राखीव असते, म्हणजे भावाला पाव वाटा येणारच. उरलेलं अर्धं मात्र आईच्या मर्जीचं. ते तिने तुमच्या नावे लिहावं. पुढे तुम्ही स्वतःच्या पैशातून त्याच्यासाठी थर्ड-पार्टी स्पेशल नीड्स ट्रस्ट करा, म्हणजे दुसऱ्याच्या पैशातून केलेला, सरकारी मदत न गमावता त्याच्या गरजा भागवणारा ट्रस्ट. त्यात भावाच्या मृत्यूनंतर उरेल ते मेडिकेडला जात नाही.

त्याच्या पाव वाट्यासाठी वेगळा, फर्स्ट-पार्टी (त्याच्या स्वतःच्या पैशाचा) ट्रस्ट लागेल. तो 65 वर्षांचा व्हायच्या आत पैसे त्यात जायला हवेत, आणि त्याच्या मागे उरलेल्यातून मेडिकेड आपला खर्च आधी वसूल करतं. म्हणून या दोन ट्रस्टांचा पैसा कधीच एकत्र करू नका.

खरी गफलत इन्व्हेंटरीत, म्हणजे गोव्यातल्या कोर्टात होणाऱ्या वारसांच्या वाटणीत होते. घराची बोली वारसांतच लागते; तुम्ही घर घेतलंत तर भावाला ओवेल्टीची रक्कम, म्हणजे त्याच्या वाट्याचे पैसे, द्यावी लागेल. ती त्याच्या एनआरओ खात्यात (अनिवासी भारतीयांचं भारतातलं बँक खातं) नुसती पडून राहिली तरी एसएसआयसाठी मोजली जाते. आली त्या महिन्यात उत्पन्न, पुढच्या 1 तारखेपासून मालमत्ता. आणि मर्यादा फक्त 2,000 डॉलर. तेव्हा ट्रस्टचा दस्त आणि खातं ओवेल्टी मिळण्याआधी तयार हवं. भावाच्या वतीने कायदेशीर पालक (गार्डियन) सही करत असेल तर न्यू जर्सीतल्या कोर्टाची परवानगीही आधीच घ्या.
प्रशांत

प्रशांतदादा, मनापासून आभार. ट्रस्टमधून त्याला गोव्याला आणता येईल?
मेधा

हो. तिकीट ट्रस्टनेच थेट काढावं, आणि पैसे परत न मिळणारं. रोखीत बदलता येणारं तिकीट उत्पन्न धरलं जाऊ शकतं. मुक्काम चार आठवड्यांच्या आत आटपा. सलग 30 दिवस अमेरिकेबाहेर राहिला तर एसएसआय थांबतं, आणि परतल्यावर सलग 30 दिवस तिथे काढल्याशिवाय सुरू होत नाही. हातखर्चाला ट्रस्टमधून रोख देऊ नका, पहिले 20 डॉलर सोडले तर ती एसएसआयमधून पूर्ण वजा होते.
प्रशांत