विषय: पिकअपवर सीबीचा अँटेना, पुण्याहून काय नेऊ?

प्रेषक: डॅलसकर (सध्या मुक्काम कर्वेनगर)

नमस्कार मंडळी,

दिवाळीला आईकडे आलोय, तुळशीचं लग्न उरकून परतणार. टेक्सासमधल्या बिग बेंडच्या सहलीत ट्रेलर ओढायचं काम माझ्या 2019 च्या फोर्ड एफ-150 पिकअपकडे आलंय, हे बहुतेकांना ठाऊक आहेच. तिथे मोबाइल मुका होतो, म्हणून सीबी (सिटिझन्स बँड, गाडीतून गाडीशी बोलायचा रेडिओ) बसवतोय. रेडिओ घेऊन झाला, अँटेनापाशी गाडं अडलंय. छताला भोक पाडायचं नाही (घरातून सक्त ताकीद आहे), गॅरेजचं दार सात फुटांचं. चुंबकवाला घेऊ, चार फुटी फायबरग्लासचा, की तो नऊ फुटी स्टीलचा चाबूक? आणि आई म्हणते, बुधवार पेठेत सगळं मिळतं, इथूनच ने. खरंच नेण्यासारखं काही आहे का?

— डॅलसकर

प्रेषक: सॅन होजेकर

दोन लावा, दोन्ही आरशांवर एकेक. अठराचाकीवाले उगीच लावतात का? दिसतंही झकास. केबल मात्र बरोबर 18 फूटच घ्या, कमीजास्त चालत नाही असं दुकानदाराने मला बजावलं होतं.

— सॅन होजेकर

प्रेषक: कोथरूडकर काका

चि. डॅलसकर,

अँटेना निवडायच्या आधी गाडी कशाची आहे ते बघ. 2015 पासून एफ-150 ची बॉडी अ‍ॅल्युमिनियमची आहे, चेसिस तेवढी पोलादी. चुंबक चिकटणारच नाही. एक पर्याय तिथेच निकाली निघाला.

सीबी 27 मेगाहर्ट्झच्या आसपास चालतो, म्हणजे तरंगलांबी सुमारे 11 मीटर. तिचा पाव हिस्सा पावणेतीन मीटर, तोच तुझा नऊ फुटी चाबूक. कामाला त्याच्या तोडीचा दुसरा नाही. पण तो लावायचा कुठे? मागच्या बंपरवर लावलास तर ट्रेलर आडवा येतो, हौद्याच्या काठावर लावलास तर प्रत्येक ड्राइव्ह-थ्रूला आदळतो. चार फुटी दांडीवर तार गुंडाळून ती कमी पडणारी लांबी भरून काढलेली असते. थोडी शक्ती त्या वेटोळ्यांत वाया जाते, सगळे 40 चॅनेल सारखे जुळत नाहीत. तेवढं सोसायचं. चार फुटीच घे, टोकाला स्क्रू फिरवून जुळवता येणारी.

आता खरं दुखणं. दांडी हा अर्धाच अँटेना, दुसरा अर्धा म्हणजे गाडीचा पत्रा. त्यामुळे कुठल्या कंपनीची दांडी, यावर या ईमेल-यादीभर वाद घालण्यापेक्षा ती कुठे रोवायची याचा विचार कर. छताच्या मधोमध असली की आवाज चहूकडे सारखा जातो. मागच्या डाव्या कोपऱ्यात असली की पुढे उजवीकडे जास्त जातो, कारण पत्रा त्या दिशेला जास्त असतो. केबिनच्या भिंतीला खेटून उभी केलीस तर जुळवताना घाम फुटेल. तिथे लावलीच तर निम्म्याहून जास्त दांडी छताच्या वर मोकळी हवी.

भोक पाडायचं नसेल तर मी बॉनेट आणि फेंडरच्या मधल्या फटीत बसणारा ब्रॅकेट घेईन. तो मूळच्याच बोल्टवर बसतो, केबल आखूड लागते, ट्रेलर लांब राहतो. उंची आठ फुटांच्या घरात जाईल, म्हणून दांडीखाली दाबून फिरवली की हातात येणारी जोडणी टाक आणि गॅरेजपाशी काढून ठेव. स्प्रिंग नको, तो पातळ ब्रॅकेट हिंदकळत राहतो.

माझी नोकरी खोडदच्या रेडिओ-दुर्बिणीवर झाली. तिथल्या 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्या पत्र्याच्या नाहीत, तारेच्या जाळीच्या आहेत; जाळीची भोकं 10 ते 20 मिलिमीटरची. 21 सेंटिमीटरच्या लहरीलाही ती जाळी सलग आरशासारखी भासते. तुझी लहर 11 मीटरची, तिच्या लेखी बॉनेटभोवतीची फट म्हणजे काहीच नाही. फटीने बिघडत नाही. पत्रे एकमेकांना विजेने जोडलेले नसले की बिघडतं. बॉनेट बिजागरीवर आणि रंगावर टेकलेलं असतं, केबिन आणि हौदा चेसिसवर, त्यात केबिनखाली रबर. म्हणून बॉनेट ते बॉडी, केबिन ते चेसिस, हौदा ते चेसिस अशा जाड विणलेल्या पट्ट्या मार. पट्टी कल्हई केलेल्या तांब्याची घे. उघडं तांबं अ‍ॅल्युमिनियमला लागलं की दमट हवेत अ‍ॅल्युमिनियम खाल्लं जातं. बोल्ट स्टेनलेसचे, खालचा रंग खरवडून, वरून ग्रीस.

तपकीर गल्लीतून (बुधवारातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारातून) ने ती हीच पट्टी आणि तिची टोकं. वजन नाही, भाव बरा. केबल नेऊ नकोस. तिथे पहिल्यांदा पुढे येते ती टीव्हीची 75 ओहमची, तुला 50 ओहमची हवी. आरजी-58 किंवा आरजी-8एक्स तिकडेच मिळेल.

सॅन होजेकर, दोन अँटेनांचा फायदा व्हायला त्यांच्यात सुमारे नऊ फूट अंतर लागतं. अठराचाकीला ते जमतं, एफ-150 च्या आरशांना नाही. शिवाय जोडकेबल वेगळी लागते. आणि 18 फुटांचं म्हणाल तर अँटेना नीट जुळलेला असला की केबल किती लांब याला महत्त्व नाही. 18 फुटांत आरजी-58 अर्धा डेसिबलभर खाते, इतकंच. दुकानदाराकडे 18 फुटांचीच बंडलं पडून असतील.

डॅलसकर, रेडिओ तिकडेच ठेवून आलायस ना? आपल्याकडे 2005 च्या नियमांनी 26.957 ते 27.283 मेगाहर्ट्झ हा पट्टा 5 वॅटपर्यंत परवान्याशिवाय खुला आहे. तुझ्या सेटचे 28 ते 40 हे चॅनेल त्याच्या बाहेर पडतात.

संध्याकाळी सहानंतर ये. पुतण्याची बोलेरो पिकअप सध्या आमच्या सोसायटीत उभी आहे. सासवडहून मार्केट यार्डात माल टाकून थकलेली. तिच्यावर माझा हॅमचा (हौशी रेडिओचा) 28 मेगाहर्ट्झचा अँटेना आहे. परवाना माझा, त्यामुळे मी नसलो की सेट काढलेला असतो, यावरून पुतण्या नाराज असतो.

— काका

प्रेषक: ऑस्टिनकर

काका, सगळं मान्य, पण सहलीच्या पाच गाड्यांना आपसात बोलायला सीबी कशाला? जीएमआरएस (तसाच आपसात बोलायचा, पण परवान्याचा रेडिओ) घ्या. 35 डॉलरमध्ये 10 वर्षांचा परवाना, परीक्षा नाही, घरातल्या सगळ्यांना चालतो. 462 मेगाहर्ट्झ, त्यामुळे अँटेना वीतभरसुद्धा नाही. आवाज एफएमचा, स्वच्छ.

— ऑस्टिनकर

प्रेषक: कोथरूडकर काका

बरोबर बोललात. आपल्याच ताफ्यापुरतं बोलायचं असेल तर तेच घ्यावं, मीही तेच घेतलं असतं. सीबीची गरज एवढ्यासाठी की पुढे रस्ता अडलाय हे सांगणारे ट्रकवाले 19 नंबरवर असतात, ते तुमच्या जीएमआरएसवर येणार नाहीत. रेडिओ घेतलेलाच आहे, तर पोराला बसवू द्या.

— काका

प्रेषक: डॅलसकर

काल काकांकडे जाऊन आलो. यादीसाठी लिहितो, कारण वाचून पटलं नव्हतं ते बघून पटलं. काकांनी एसडब्ल्यूआरचा मीटर लावला (अँटेनाकडून किती शक्ती परत येते ते दाखवणारा; आकडा 1 च्या जितका जवळ तितका बरा), काटा दीडच्या खाली. मग बॉनेटची पट्टी सोडली, दांडीला हातही लावला नाही, आणि काटा अडीचच्या पुढे. पट्टी परत आवळली, काटा जागेवर. काकूंनी तेवढ्यात चहा दिला आणि "गाडीला आता ईसीजी पण का?" असं विचारलं.

जुळवायची रीत काकांनी सांगितली ती अशी. गाडी मोकळ्या जागेत, दारं-बॉनेट बंद, जवळ कोणी उभं नाही. 1, 19 आणि 40 या चॅनेलवर एसडब्ल्यूआर बघायचा. 1 वर जास्त आला तर दांडी आखूड आहे, टोक वर काढा. 40 वर जास्त आला तर लांब आहे, आत घ्या. सगळीकडेच 3 च्या वर असेल तर टोकाला हात लावायचा नाही आणि बोलायचं बटणही दाबून धरायचं नाही: एकतर पत्र्याशी जोड नाही, किंवा ब्रॅकेटवरचा नायलॉनचा वॉशर चुकीच्या बाजूला बसून मधली तार बॉडीला टेकली आहे. दीडला 4 टक्के शक्ती परत येते, दोनला 11, तीनला 25. दीडच्या खाली आला की थांबायचं, 1.1 साठी दुपार घालवणाऱ्यांबद्दल काकांचं मत इथे लिहिण्यासारखं नाही.

एकच शंका राहिली. वीज सिगरेट लायटरच्या सॉकेटमधून घेतली तर?

— डॅलसकर

प्रेषक: कोथरूडकर काका

नको. तिथे इंजिनाची घरघर रेडिओत येते. धन तार थेट बॅटरीवरून, फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरात. ऋण तार मात्र बॅटरीच्या खुंटीवर लावू नकोस. फोर्डने तिथे विद्युतप्रवाह मोजणारा सेन्सर बसवलाय. त्याला वळसा घालून रेडिओ चालवलास तर त्याचा हिशेब चुकतो. शेजारीच बॅटरीची तार बॉडीला जिथे बोल्टने जोडली आहे, तिथे लाव. आणि केबल दाराच्या वरच्या अस्तरातून ओढू नकोस, तिथे पडद्यासारख्या एअरबॅग असतात. डॅशखालच्या रबरी बुचातून आत घे.

मीटर विकत घ्यायची गरज नाही. ऑस्टिनकर, तुमच्याकडे आहे ना?

— काका

प्रेषक: ऑस्टिनकर

आहे, सहलीच्या आधी डॅलसला पोचवतो. रेडिओ आणि मीटरमधली आखूड केबल मात्र तुटली आहे. डॅलसकर, तपकीर गल्लीत जाणारच आहात तर दोन्ही टोकांना पीएल-259 कनेक्टर लावलेला केबलचा हातभर तुकडा करून आणा. 50 ओहमचा, काकांना दाखवून.

— ऑस्टिनकर