बंदुकीची काडतुसं घेताना काही डॉलरच्या तपासणीचा एवढा बाऊ कशाला?

असं काही जण विचारतात. कॅलिफोर्नियात प्रश्न डॉलरचा नाहीच. तिथे १ जुलै २०१९ पासून काडतुसांच्या प्रत्येक खरेदीला तपासणी लागते. ती स्वस्तातली तपासणी म्हणजे काय, तर तुमचं नाव, जन्मतारीख, पत्ता आणि वाहन परवाना किंवा ओळखपत्र क्रमांक राज्याच्या बंदूक-नोंदींशी जुळवून बघायचे. घर बदललं आणि बंदुकीच्या नोंदीत जुनाच पत्ता राहिला, की नकार! गुन्हा काही नाही, तरी माणूस काउंटरवरून हात हलवत परत. मग १९ डॉलरची दुसरी तपासणी, आणि तिला कित्येक दिवस लागू शकतात. शेजारच्या नेवाडा राज्यातून काडतुसांचा डबा विकत घेऊन गाडीत टाकून आणावा, तर तोही गुन्हा. परवानाधारक दुकानामार्फतच मागवायचा. त्यावर जुलै २०२४ पासून ११ टक्के जादा कर.

या कायद्याविरुद्ध कोर्टात गेलेली किम रोड ही १९९६ ते २०१६ अशा सलग सहा ऑलिंपिकमध्ये पदकं मिळवणारी नेमबाज आहे. सरावालाच तिला काडतुसं किती लागत असतील!

गुन्हेगाराच्या हाती काडतूस पडू नये, हे मला शंभर टक्के मान्य आहे. पण सरकारी नोंदीतल्या चुकीचा भुर्दंड सरळमार्गी माणसाने का भरायचा?