मदत हवी आहे: अनुदानाच्या पैशातून सॉफ्टवेअर घेताना सोर्स कोडची (प्रोग्रामच्या मूळ आज्ञावलीची) अट कशी घालायची?

नमस्कार मंडळी, सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी ग्रंथपाल आहे, ब वर्ग सार्वजनिक वाचनालय, शासनाच्या अनुदानावरच सगळं चालतं. आठ वर्षांपूर्वी एका कंपनीकडून देवघेवीचं सॉफ्टवेअर घेतलं, त्यात मी आणि आमच्या लिपिकबाईंनी अठरा हजार पुस्तकं दाखल नोंदवहीतून एकेक करून चढवली, उन्हाळ्यात दुपारी वाचनालय बंद असायचं तेव्हा बसून. आता कंपनीवाले फोन उचलत नाहीत, नव्या कॉम्प्युटरवर ते चालत नाही, आणि नोंदी बाहेर काढल्या तर मराठी नावांच्या जागी नुसती इंग्रजी अक्षरं न् चिन्हं दिसतात कारण सगळं जुन्या फॉन्टात आहे, युनिकोडात, म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरवर मराठी नीट दिसते त्या पद्धतीत, नाही. पैसा लोकांचा, मेहनत आमची, आणि किल्ली दुसऱ्याच्या खिशात, हे मला फार लागलंय.

रविवारी कार्यकारी मंडळाची बैठक आहे, नवीन दरपत्रकं मागवायचीत. केंद्राचं 2015 चं ओपन सोर्स (सोर्स कोड सगळ्यांना खुला असलेल्या सॉफ्टवेअरचं) धोरण आहे ना, ते आम्हाला लागू होतं का? अध्यक्ष अण्णा म्हणतात फुकटातलं घेतलं आणि बंद पडलं तर कुणाच्या दारात जायचं, आणि एक सदस्य म्हणतात सोर्स उघडा म्हणजे सभासदांचे फोन नंबर पण उघडे होतील. काय सांगू त्यांना? अट कशी लिहू?

प्रतिसाद:
ताई, ते धोरण केंद्र सरकारच्या कार्यालयांसाठी आणि जी राज्यं स्वतःहून स्वीकारतील त्यांच्यासाठी आहे, त्यात ओपन सोर्सला पहिली पसंती आहे, नाही घेतलं तर कारण द्यावं लागतं. पण तुम्हाला स्वतःची अट घालायला कोण अडवतंय? स्वित्झर्लंडमध्ये तर 2024 पासून कायदाच आहे, केंद्र सरकारने बनवून घेतलेल्या सॉफ्टवेअरचा सोर्स खुला करायचा, दुसऱ्याचे हक्क किंवा सुरक्षेचा प्रश्न असेल तेवढंच वगळून.

तुम्ही कोहा बघा, ते वाचनालयाचं ओपन सोर्स सॉफ्टवेअर आहे. न्यूझीलंडमधल्या वाचनालयांसाठी बनलं, 2000 पासून चालू आहे, माओरी भाषेत कोहा म्हणजे भेट. अण्णांना सांगा, सेवेचे पैसे द्यायचेच, वर्षाचा करार करायचा, फक्त हा माणूस सोडून गेला तर दुसरा बसवता येतो. आणि सोर्स म्हणजे प्रोग्राम, सभासदांची नोंद त्यात नसते.

एक गोष्ट नीट बघा. कोहाचं लायसन, म्हणजे वापरायच्या अटी, जीपीएल नावाचं आहे, त्यात प्रोग्राम तुमच्या हातात दिला तरच सोर्स द्यायचं बंधन येतं, पुरवठादाराने स्वतःच्या सर्व्हरवर चालवून दिला तर नाही. म्हणून करारात स्पष्ट लिहा की आमच्यासाठी केलेल्या बदलांचा सोर्स द्यावा, अ‍ॅडमिन पासवर्ड आमच्याकडे राहावा, आणि दर महिन्याला सगळ्या नोंदी युनिकोडात, मार्क (ग्रंथालयांच्या नोंदींचा ठरलेला नमुना) आणि सीएसव्ही (एक्सेलमध्ये उघडणारी साधी फाईल) दोन्हीत मिळाव्यात.

ताईंचा प्रतिसाद:
खूप आभार दादा, सर्व्हरचं तर माझ्या डोक्यातच नव्हतं. मग जुन्या अठरा हजार नोंदींचं काय करायचं हो, परत टाईप?

प्रतिसाद:
नका करू. फॉन्टवरून युनिकोडात बदलता येतं, पण कन्व्हर्टरने जोडाक्षरं आणि पहिली वेलांटी बऱ्याचदा चुकते, ते हाताने तपासावं लागेल. फॉन्टचं नाव आणि फाईलच्या वीसेक ओळी इथं टाका.

ताईंचा प्रतिसाद:
उद्या सकाळी वाचनालय उघडलं की टाकते.