अनुभव धागा: मोठं शहर, अवेळ आणि एकटी बाई

रानजाई
भाची परीक्षेसाठी लातूरहून मुंबईला एकटी निघालीय. ट्रॅव्हल्सचं तिकीट काढून मोकळी झाली आणि वर मला फोनवर सांगते, "मावशी, पहाटे साडेतीनला सायनला सोडतात, पुढे मी बघते." मी नागपुरात, नाहीतर स्वतः जाऊन उभी राहिले असते. रात्रभर झोप नाही. सायन आणि पहाट म्हटलं की मला २००४ आठवतं.

तेव्हा मी सोलापूरहून निघाले होते, इंटरव्ह्यूला. बुकिंगवाला म्हणाला होता सकाळी सहाला पोचते. रस्ता मोकळा मिळाला आणि पावणेचारला क्लीनर दार आपटत ओरडला, "सायन सायन, उतरा लवकर!" उतरले. हातात बॅग, खांद्याला फाइल. मोबाइल होता पण बॅलन्स नाही. चुलत बहीण मुलुंडला हॉस्टेलवर, आणि त्यांचं गेट सहाला उघडायचं. दोन माणसं "कुठे जायचंय म्याडम" करत जवळ यायला लागली. टॅक्सीवाले होते की नुसतेच उभे होते, देव जाणे. समोर सायन हॉस्पिटलचे दिवे दिसले. चालत सुटले ते थेट अपघात विभागाबाहेरच्या बाकड्यावर जाऊन बसले, कुणाची तरी नातेवाईक असल्यासारखी.

शेजारी एक बाई, मांडीवर स्टीलचा डबा, पायात दोन वेगवेगळ्या चपला. "तुमचं कोण आहे आत?" मी म्हटलं मावशी. "काय झालंय?" तोंडातून आलं, पित्ताशय. मग तिने पार्ले-जीचा पुडा फोडला, निम्मा मला दिला, आणि औषध आणायला जाताना डबा माझ्याकडे ठेवून गेली. साडेपाचला तिचा भाऊ आला, त्या दोघांनी मला स्टेशनपर्यंत सोडलं. वर "मावशीला जपा". पुढच्या वर्षी खऱ्या मावशीचं पित्ताशय काढलं. घरात ते अजून माझ्याच नावावर आहे.

तुमचंही सांगा. उपदेश नको, तो मी भाचीला भरपूर केलाय. कामाला काय आलं ते सांगा.

डोंबिवलीकरीण
कुकर लावलाय, शिट्ट्या होईतो लिहिते. लोकलचं सांगते. रात्री लेडीज फर्स्ट क्लास रिकामा दिसला तर पास असला तरी चढत नाही. सेकंड लेडीज, जिथे पोलीस बसलेला असतो तिथे. तोही रिकामा असेल तर सरळ जनरल, फॅमिली बघून शेजारी. आणि डब्यावर लिहिलेलं वाचा, २४ तास महिलांसाठी असलेला डबा वेगळा आणि ठरावीक वेळेपुरता लेडीज असलेला वेगळा. नवीन मुलींना हे कुणी सांगतच नाही, अकरानंतर डब्यात पुरुष चढले की त्या घाबरतात आणि ते बिचारे म्हणतात अहो आता जनरल आहे. झाल्या तीन

कडूलिंब
पित्ताशय 😂😂 रानजाई, मूळव्याध सांगायची, पुढे कुणी काही विचारत नाही.

अबोली_सातारा
भाचीला म्हणावं तिकीट बदल आणि रेल्वेने ये. ट्रेन उशिरा आली तरी स्टेशनवर उतरते, हायवेवर नाही. लेडीज वेटिंग रूम असते, सकाळपर्यंत बसता येतं.

माझ्या आईने मला पहिल्यांदा मुंबईला पाठवताना पर्समध्ये मिरचीपूड दिली होती, कागदाच्या पुडीत. ठाण्यापर्यंत पुडी सुटली. रुमाल, कंगवा, मार्कशीट, सगळं लाल. इंटरव्ह्यूत त्या रुमालाने कपाळ पुसलं. समोरचे साहेब म्हणाले, "रडू नका, सोपे प्रश्न विचारतो." नोकरी लागली.

कडूलिंब
मग स्वसंरक्षण झालंच की.

जाईजुई
@अबोली_सातारा साधी मिरचीपूड की कांदा लसूण मसाला? सातारा म्हणून विचारते

अबोली_सातारा
आईला विचारायला पाहिजे. वास तरी मसाल्याचा होता 😄

पमाकाकू
मी मोबाइलवर टाइप करायला नुकतीच शिकले आहे, चुका समजून घ्या.

आमच्या वेळी फोन नव्हते, ग्रुप होता. ५ मे १९९२ ला चर्चगेट-बोरिवली लेडीज स्पेशल सुरू झाली तेव्हा आम्ही बोरिवलीच्या बायका पहिल्या आठवड्यापासून त्यात. मटार सोलणं, हळदीकुंकू, दसऱ्याला डब्याला तोरण, ते सगळं लोकांना माहीत आहे. त्याचा दुसरा उपयोग फारसा कुणी सांगत नाही. रोजची बाई दिसली नाही की दुसऱ्या दिवशी चौकशी व्हायची. एक मुलगी नवीन, विदर्भातली, कामाला फोर्टात. चार दिवस गप्प बसून असायची. शेवटी आमच्या शेट्टीबाईंनी तिला ग्रँट रोड जाईपर्यंत बोलतं केलं. ती जिथे पेइंग गेस्ट होती तिथला मालक रात्री दार वाजवायचा. त्याच शनिवारी आम्ही पाचसहाजणी गेलो, तिची ट्रंक उचलली आणि एकीच्या नणंदेकडे ठेवली. मालक जिन्यात उभा होता, तोंडातून शब्द नाही. शेट्टीबाई त्याला म्हणाल्या, "बाजूला व्हा, ट्रंक जड आहे."

एकटी येणाऱ्या मुलीने लेडीज डब्यात गप्प बसू नये. "दादर कुठल्या बाजूला येतं?" एवढं विचारलं तरी चार बायका कामाला लागतात.

रानजाई
पमाकाकू, शेट्टीबाईंना माझा नमस्कार सांगा.

पमाकाकू
त्या गेल्या गं. कोविडात.

रानजाई
ओह. वाईट वाटलं काकू.

डोंबिवलीकरीण
दादरवरून आठवलं. डिसेंबर २०२३ मध्ये प्लॅटफॉर्मचे नंबर बदललेत. वेस्टर्न १ ते ७ तसेच, सेंट्रलचे आता ८ ते १४. घरातले मोठे जुने नंबर सांगतात, तो सल्ला घेऊन भाची फिरत बसेल. नंबर नको विचारू म्हणावं, फास्ट की स्लो आणि कुठली लाइन ते विचार.

ओल्ड_राजेंद्रनगर
दिल्लीतून. यूपीएससीसाठी आहे, मूळची परभणीची. मेट्रो असेपर्यंत दिल्ली मला मुंबईइतकीच सोपी वाटते. गाडी ज्या दिशेला जाते तिकडचा पहिला डबा बायकांचा, ऑक्टोबर २०१० पासून, प्लॅटफॉर्मवर खाली गुलाबी पाट्या असतात. खरा प्रश्न स्टेशन ते खोली. शेवटचा एक-दीड किलोमीटर.

रिक्षात बसल्यावर खोटा फोन करायची युक्ती सगळ्याच मुली करतात. मीही करायचे, मराठीत. "दादा, मी पोचतेच, खाली ये." मग रूममेट म्हणाली, अगं रिक्षावाल्याला मराठी कुठे कळतं, तू कुणाला ऐकवतेयस? तेव्हापासून हिंदीत. "भैया, गाडी का नंबर भेज दिया है, गेट पे खड़े रहना." नंबर खरोखर पाठवलेला असतो, घरच्या ग्रुपवर. बाबा त्यावर 👍 टाकतात आणि झोपतात.

कडूलिंब
सगळ्यांचे बाबा एकाच कारखान्यातले.

साधा_माणूस
पुरुष आहे, बोलू का? रात्री गल्लीत पुढे एकटी मुलगी चालत असेल तर नेमकं काय करावं? हळू चाललो तर पाठलाग वाटतो, भरभर चाललो तर आणखीच वाईट.

डोंबिवलीकरीण
रस्ता ओलांडून पलीकडच्या फुटपाथने जा. नाहीतर बायकोला फोन लावून भाजी काय आणू विचारा, मोठ्याने. भाजी विचारणाऱ्या माणसाची भीती वाटत नाही.

साधा_माणूस
लग्न नाही झालेलं.

जाईजुई
आईला विचारा मग 🙄

टिपूर
मी कामानिमित्त सतत फिरते, औषध कंपनीत आहे. लॉजवाल्यांचं सांगते. एका शहरात बुकिंग असूनही रात्री दहाला काउंटरवर म्हणाला, "सिंगल लेडीजला देत नाही." कंपनीचं पत्र, आधार, सगळं दाखवलं. मालकाला फोन लाव म्हटलं तर मालक झोपलेत. मी सोफ्यावर बसले, चपला काढल्या, पाय वर घेतले आणि म्हटलं ठीक आहे, मी इथेच झोपते, सकाळी मालक उठले की बोलू. दहा मिनिटांत खोली मिळाली. प्रत्येक वेळी हे चालेलच असं नाही, म्हणून हल्ली आदल्या दिवशी फोन करून "एकटी बाई आहे, देता ना?" हे आधीच वदवून घेते आणि बोलणाऱ्याचं नाव लिहून ठेवते.

खोलीचा नंबर काउंटरवर कुणी मोठ्याने बोललं तर दुसरी मागते. आत गेल्यावर आधी कडी बघते, लागते की नुसती लटकते. आणि दाराखाली घालायची रबरी पाचर जवळ ठेवते. हार्डवेअरच्या दुकानात मिळते. बाहेरून ढकललं तर दार आणखी घट्ट बसतं. फरशी गुळगुळीत असली तर खाली ओला रुमाल घाला, सरकत नाही.

जाईजुई
पाचर!! इतकी वर्षं मी दाराला टीपॉय लावतेय.

टिपूर
टीपॉयही लावा, वर स्टीलचा ग्लास ठेवा. हललं की वाजतो.

वकीलीणबाई
कोर्टात नंबर यायचाय, थोडक्यात. तातडीच्या मदतीला ११२ सगळीकडे चालतो. रेल्वेत काही झालं तर १३९, पूर्वीचा १८२ आता त्यातच गेला. मुंबईत बायकांच्या मदतीसाठी १०३ आहे. गुन्हा कुठल्याही ठाण्यात नोंदवता येतो, "आमची हद्द नाही" हे उत्तर चालत नाही, झिरो एफआयआर म्हणायचं. आता तो १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यातच आहे. सूर्यास्तानंतर बाईला अटक करायची तर अपवादात्मक कारण, महिला अधिकारी आणि मॅजिस्ट्रेटची आधी परवानगी लागते. "चला ठाण्यात, अटक करतो" असं रात्री फोनवर कुणी धमकावलं तर हे आठवा.

आणखी एक, रेल्वे कायद्याचं कलम १३९. सोबत पुरुष नसलेल्या बाईला विनातिकीट म्हणून उतरवायचं तरी ते दिवसा, आणि जंक्शन, शेवटचं स्टेशन, जिल्ह्याचं ठिकाण किंवा ती जिथे चढली तिथेच. मध्यरात्री कुठल्याशा हॉल्टवर नाही. दंड मात्र भरावा लागतो, हे वाचून कुणी विनातिकीट निघू नका.

निशिगंध_पुणे
एक गंभीर सांगते. फेब्रुवारी २०२५ ला स्वारगेट आगारात जे झालं ते आठवतंय ना. पहाटेची वेळ, फलटणची गाडी तिकडे लागलीय सांगून एका माणसाने मुलीला उभ्या शिवशाही बसमध्ये नेलं. बोलताना ताई म्हणत होता. मी तेव्हापासून लेकीला एवढंच सांगते, गाडी कुठे लागली ते चौकशीच्या खिडकीला विचारायचं, नाहीतर कंडक्टरला, ज्याच्या हातात तिकिटाचं मशीन आहे त्याला. आणि दिवे नसलेल्या गाडीत पाय ठेवायचा नाही, ती आपली असली तरी. निघेल तेव्हा दिवे लागतीलच. सोबत आणखी दोघी चढतायत का ते बघ.

मुलीची काय चूक होती हे लिहायला कुणी येऊ नका इथे. तिने विचारलंही होतं.

पमाकाकू
बरोबर बोललीस.

थेम्सकाठची_मावशी
लंडन. नाइट शिफ्ट संपवून बसने येते, खालच्या मजल्यावर ड्रायव्हरजवळ बसते, वर कधीच नाही. ट्रेनमध्ये कुणी त्रास दिला तर ६१०१६ वर मेसेज करता येतो, रेल्वे पोलिसांचा नंबर आहे. बोलावं लागत नाही हे महत्त्वाचं, समोर तो बसलेला असताना फोनवर काय बोलणार? इथे कुणी कुणाशी बोलत नाही, पमाकाकूंचा डबा वाचून घरची आठवण आली. मुलाला शाळेतून आणायचंय, पळते.

सोनचाफा
सेफ्टी वगैरे ठीक, पण दिवसभर एकटीने फिरताना बाथरूमचं काय करता? मी पाणीच पीत नाही. मागच्या महिन्यात युरिन इन्फेक्शन झालं. डॉक्टर ओरडल्या.

टिपूर
मोठं हॉस्पिटल, मॉल, तीनतारांकित हॉटेलची लॉबी. लॉबीत असं चालायचं की आपली खोली वर आहे. स्टेशनवरचं वेटिंग रूममधलं. पाणी प्या हो!

डोंबिवलीकरीण
मुंबईत राइट टू पी वाल्यांनी २०११ पासून हाच विषय लावून धरला होता, बायकांकडून लघवीचेही पैसे घेतात आणि पुरुषांना फुकट. अजून काही ठिकाणी बाहेरचा माणूस हात पुढे करतोच. मी विचारते, "पाटी कुठाय?" कधी चालतं, कधी घाई असते तेव्हा देऊन टाकते.

जाईजुई
सासूबाईंच्या फोनमध्ये मी एसओएस चालू करून दिलं, पॉवर बटण लागोपाठ दाबलं की घरच्यांना मेसेज. काल फोन पोळपाटाखाली गेला. लाटता लाटता बटण दाबलं जातंय आणि आम्हाला तिघांना एकदम "मी संकटात आहे". नवरा ऑफिसातून धावत आला. पुरणपोळ्या चालल्या होत्या.

कडूलिंब
मिळाली का त्याला?

जाईजुई
दोन खाऊन परत गेला.

सोनचाफा
@टिपूर ती रबरी पाचर कुठल्या नावाने मागायची? दुकानदार भलतंच काहीतरी दाखवतो.

टिपूर
डोअर स्टॉपर म्हणा. लोहचुंबकाचा दाखवेल, तो नको. उतरता त्रिकोणी, काळा किंवा तपकिरी. दोन घ्या, एक बाथरूमच्या दाराला.

साधा_माणूस
आईने आत्ताच सांगितलं, मेथी आण.